खाण कामगारांची ने-आण : शिरगावात धोका उताराच्या रस्त्यावर

भूमिगत कोळसा खाणीत कामगार तारेच्या दोरावर टांगलेल्या पिंजऱ्यातून खाली उतरतात. म्हणून तेथील नियमांचा भर दोर आणि ब्रेक यांच्या तपासणीवर असतो. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लोहखनिज खाणी उघड्या आहेत. तेथे कामगारांची गाडी आणि अवजड डंपर एकाच उतरत्या रस्त्याने जातात, आणि खरा धोका याच रस्त्यावर आहे. डंपरचालकाला पुढ्यातील छोटी जीप दिसतच नाही. यासाठी जीपवर उंच काठीचा झेंडा लावतात. कोळसा खाणींच्या 2017 च्या विनियमांनुसार अशा वाहतूक रस्त्याचा चढ सर्वसाधारणपणे 16 ला 1 पेक्षा तीव्र नसावा. लोहखनिजाला 1961 चे धातुखाण विनियम लागू असून देखरेख धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची असते. पावसाळ्यात लाल चिखलाने चाके घसरतात. तेव्हा कडेचा मातीचा बांध हाच शेवटचा आधार असतो.