सायकलीच्या वेशातली गाडी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



गेल्या महिन्यात सूनबाईनं फोनवर एका गाडीचा फोटो दाखवला. गोल दिवा, लांबलचक सपाट सीट, पेट्रोलची टाकी असावी तशा जागी बॅटरी आणि हाताच्या पंजाएवढे रुंद टायर. "आई, तुमच्या लूनासारखी दिसते ना? विजेवर चालते. दुकानदार म्हणतो लायसन नको, पासिंग नको. घेऊ का?"

ती अंगणवाडीत आहे. अंगणवाडी वस्तीवर, घरापासून सात किलोमीटर. त्या फोटोकडे बघताना मी पार १९८३ सालात गेले. तिला मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. का, ते आज सांगते.

आधी 'मोपेड' या शब्दाचीच गोष्ट. मोटर आणि पेडल ही दोन नावं जोडून १९५२ मध्ये एका स्वीडिश पत्रकारानं तो शब्द बनवला. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा युरोपात माणसांकडे पैसा नव्हता, पेट्रोलही जपून वापरावं लागे. फ्रान्समध्ये १९४६ साली सोलेक्स नावाची गाडी विक्रीला आली. ती म्हणजे सायकलच, फक्त पुढच्या चाकावर छोटं इंजिन बसवलेलं. १९५३ मध्ये जर्मनीची क्विकली आली, ती दहा लाखांच्या वर खपली. या गाड्यांना पेडल ठेवण्यामागे नुसती पायानं मारायची सोय नव्हती. कितीतरी देशांत पेडल असलेल्या लहान इंजिनाच्या गाडीला परवान्याचे आणि कराचे नियम सैल होते. म्हणजे सायकलीसारखं दिसण्यात फायदा होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आपल्याकडे लूनाच्या आधी सुवेगा ही मोपेड होती, फ्रेंच कंपनीच्या परवान्यानं तिरुपतीला बनायची. पण महाराष्ट्राच्या घराघरांत मोपेड नेली ती लूनानं. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीनं १९७२ मध्ये ती आणली. मूळ घडण इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या चाव गाडीची, इंजिन ५० सीसीचं. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कारखाना होता. पुढच्याच वर्षी जगभर तेलाचे भाव भडकले. स्कूटर हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, अशी तेव्हाची स्थिती. त्यात ही थेंबाथेंबावर चालणारी गाडी लोकांना परवडली.

आता माझी गोष्ट. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पहिली नेमणूक मिळाली ती अकरा किलोमीटरवरच्या गावात. सकाळची एसटी सहाला, त्यानंतरची बाराला. सहाच्या गाडीनं जायचं तर अंगावरचं मूल झोपेतच सोडून निघायचं आणि बाराच्या गाडीनं गेलं तर शाळा अर्धी संपलेली. नोकरी सोडावी, असं घरात बोलणं सुरू झालं होतं.

आमच्या मामंजींचा स्कूटरला सक्त विरोध. बाईनं स्कूटर चालवायची हे त्यांना पटणारं नव्हतं. तसाही त्या स्कूटरला हाताचा गिअर, उजव्या बाजूला जड इंजिन आणि साडीत मारायची किक. शेजारच्या मास्तरांकडे लूना आली, ती मामंजींनी सगळीकडून फिरून पाहिली. पेडल हातानं फिरवून बघितलं आणि म्हणाले, "ही सायकलच आहे की. मोटर बसवलीय एवढंच." त्या एका वाक्यावर माझी नोकरी वाचली.

युरोपातल्या सरकारनं पेडल बघून सूट दिली, आमच्या घरानंही पेडल बघूनच सूट दिली. मधली दांडी खाली घेतलेली, त्यामुळे साडी सावरून पाय सहज आत घेता येई. ती सोयसुद्धा जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाश्चात्त्य देशांत बायका घोळदार झग्यात सायकल चालवू लागल्या, तेव्हाच्या लेडीज सायकलीतून ती आलेली.

लूनाचे नखरे मात्र पुष्कळ. स्टँडवर लावून पेडल मारत सुरू करायची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं. प्लगला काजळी धरली की ती रस्त्यात बंद. म्हणून माझ्या पर्समध्ये खडूच्या डबीशेजारी प्लग-पाना आणि काचकागदाचा तुकडा असायचा. घाटीच्या चढावर इंजिन धापा टाकायला लागलं की पेडल मारून मदत करायची. मुलं बांधावरून ओरडत, "बाई, दामटा!" आठ वर्षं मी त्या गाडीवर शाळेत गेले आणि एक दिवसही शाळा उशिरा उघडली नाही.

याच काळातली तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची हकिकत तुम्ही ऐकली असेल. १९९१च्या सुमारास तिथे साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायची चळवळ झाली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, परिचारिका, अंगणवाडीच्या बायका मिळून लाखभर जणी सायकल शिकल्या. अक्षरांबरोबर चाक का शिकवायचं, हे त्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पण माझ्या लूनाची गोष्ट इथे संपत नाही. गाडी मी चालवत होते, हप्ते माझ्या पगारातून जात होते आणि आरसी बुकावर नाव होतं ह्यांचं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, घराघरांत तसंच होतं. रविवारी धाकटे दीर गाडी घेऊन जायचे आणि सोमवारी सकाळी टाकी कोरडी असायची. १९९१ मध्ये माझी बदली जवळच्या शाळेत झाली. एका संध्याकाळी घरी आले तर अंगणात गाडी नव्हती. विकली होती. "आता तुला लागत नाही ना," एवढंच सांगितलं. मला कुणी विचारलं नव्हतं, कारण विकायला माझी सहीच लागत नव्हती. स्टँडनं अंगणात पडलेला खड्डा पुढे कितीतरी दिवस बुजला नाही.

नंतर मोपेडचेच दिवस फिरले. १९८० मध्ये दोघांना बसता येईल अशी टीव्हीएस ५० आली होती. १९८४ला बटणावर सुरू होणारी, बिनगिअरची कायनेटिक होंडा आली. नव्वदीत स्कूटी आली, मग ॲक्टिव्हा. मुली सर्रास गाड्या चालवू लागल्या, सायकलीचा वेश घ्यायची गरज उरली नाही आणि पेडल गेलं.

मग तो वेश आज परत का आला? २०१६च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी सत्तरीतल्या छोट्या मोटारसायकलींच्या धर्तीवर विजेची सायकल काढली. लांब सीट, गोल दिवा, जाड टायर. ती घडण जगभर उचलली गेली. पेडल ठेवण्याचं कारण तेच जुनं, सायकल ठरली की नियम सैल. आपल्याकडे नियम असा आहे: मोटर २५० वॅटपर्यंतची, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या वर नाही, अशी गाडी कायद्यानं मोटार वाहन धरली जात नाही. तिला लायसन, नोंदणी लागत नाही. त्याच्या वरच्या गाडीला मात्र नंबर, विमा, लायसन, हेल्मेट सगळं लागतं. ती सायकलीसारखी दिसली तरी लागतं.

सूनबाईबरोबर मी त्या दुकानात गेले. गाडी खरंच देखणी. मी वेग विचारला. दुकानदार हसून म्हणाला, "कागदावर पंचवीस. एक वायर काढली की पंचेचाळीस पळते." मैत्रिणींनो, तिथेच मी सावध झाले. पंचेचाळीसनं पळणारी, नंबर नसलेली गाडी उद्या कुणाला धडकली तर विमा नाही, आणि कायद्यासमोर चूक चालवणारीची.

मग मी एकेक गोष्ट बघत गेले. तुम्हीही बघा.

जाड टायर मुळात बर्फावर आणि वाळूत चालायला निघाले. त्यात हवा कमी ठेवतात, म्हणून टायर पसरून जमीन धरतो आणि खड्ड्यातला हादरा कमी बसतो. आपल्या मुरमाच्या रस्त्याला ते बरंच आहे. पण बॅटरी संपल्यावर तीच गाडी पेडलनं ओढून बघा, दम निघतो. पंक्चर झालं तर त्या मापाची ट्यूब गावातल्या दुकानात मिळते का, हे गाडी घ्यायच्या आधी विचारून या. आम्ही विचारलं. पंक्चरवाल्यानं मान हलवली.

बॅटरीवर व्होल्ट आणि ॲम्पिअर-अवर असे दोन आकडे असतात. त्यांचा गुणाकार करा. ४८ गुणिले २० म्हणजे ९६०, साधारण एक युनिट वीज त्यात मावते. दुकानदार 'शंभर किलोमीटर जाते' म्हणाला, तर ते किती वजनावर आणि कसल्या रस्त्यावर, असं विचारा. २०२२ मध्ये विजेच्या गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा सरकारनं बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. म्हणून पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेचं प्रमाणपत्र मागा. चार्जिंग अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवरच करा.

आणि मागचं चाक बघा. साडी किंवा ओढणी अडकू नये म्हणून दुचाकीचं मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असावं, असा आपल्या मोटार वाहन नियमांतच दंडक आहे. नियमात 'मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे' म्हटलंय, आणि आपण इतकी वर्षं मागेच बसत होतो, त्यामुळे त्याचं नवल नाही. पण त्या देखण्या गाडीचं चाक उघडंच होतं. सूनबाई ओढणी घेते. ही गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी कपड्यांसाठी घडवलेली आहे, हे तिथे उभ्याउभ्या कळलं.

शेवटचा प्रश्न मी विचारला, "गाडी हिच्या नावावर कशी होणार?" तो म्हणाला, "नावावर करायचं कामच नाही, पासिंगच नाही ना." त्याला ती सोय वाटत होती. मला अंगणातला खड्डा आठवला.

पंचवीसच्या आतली, खरी प्रमाणित गाडी जवळच्या कामाला चांगलीच आहे. घ्या, पण बिल स्वतःच्या नावानं करा, त्यावर चासी नंबर आणि बॅटरीचा नंबर लिहून घ्या. आमच्या सुनेला रोजचे चौदा किलोमीटर, पोषण आहाराची पिशवी आणि मागे पोर, म्हणून आम्ही नोंदणीची गाडी घ्यायचं ठरवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लूनाही विजेवर परत आली आहे, मोठ्या सोळा इंची चाकांची, पण पेडल नसलेली आणि लायसन लागणारी. ती आणि आणखी दोन गाड्या बघून आलो आहोत. कोणती घ्यायची, ते सूनबाई ठरवील.

ती सध्या लर्निंग लायसनच्या परीक्षेसाठी रस्त्यावरच्या खुणा पाठ करते आहे. रात्री भाकरी थापता थापता मी तिला खुणा विचारते. मुलगा म्हणाला, "गाडी माझ्या नावावर घेऊ, कर्ज लवकर मिळेल." मी म्हटलं, "लागले तर आठ दिवस जास्त लागू देत." तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे वडील कोपऱ्यात पेपर वाचत होते, ते मान वर न करताच म्हणाले, "तिच्याच नावावर घे."

इतक्या वर्षांनी का होईना, म्हणाले.