विज्ञानकथेतील अंतरांचे मान

विज्ञानकथेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी एक आक्षेप जुना असून साधारही आहे. तो असा की, तिच्यातील अंतराळ फार लहान असते. ताऱ्याताऱ्यांतील प्रवास चार दिवसांत उरकतो, दूरच्या ग्रहावरचा निरोप तत्काळ पोहोचतो आणि आरमारे एखाद्या खाडीत भेटावीत तशी आकाशगंगेत एकमेकांना भेटतात. या दोषाचे खापर सामान्यतः लेखकांच्या अज्ञानावर फोडले जाते. तथापि या वाङ्मयाचा इतिहास क्रमाने पाहिल्यास हे निदान अपुरे ठरते. आकडे पुष्कळदा लेखकांना ठाऊक होते. मान ढळले ते कथनाच्या भाषेत, आणि ही भाषा समुद्रपर्यटनाकडून वारशाने आलेली होती.

योहानेस केप्लर याचा ‘सोम्नियम’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६३४ साली प्रसिद्ध झाला. त्यात चंद्राला ‘लेव्हानिया’ नावाचे बेट म्हटले असून ते ५०,००० जर्मन मैलांवर असल्याचे सांगितले आहे. जर्मन मैल साडेसात किलोमीटरांच्या आसपास धरल्यास हे अंतर सुमारे पावणेचार लक्ष किलोमीटर भरते. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे, हे लक्षात घेता केप्लरचा आकडा उत्तम होय. प्रवास जास्तीत जास्त चार तासांचा आहे. परंतु तो मानवी सामर्थ्याने नव्हे, तर अमानुष शक्तींच्या साहाय्याने घडतो. अद्भुत येथे अद्भुत म्हणूनच सांगितलेले आहे. ‘बेट’ हा शब्द मात्र पुढील परंपरेची चाहूल देणारा आहे.

ज्यूल व्हर्न याच्या १८६५ च्या चंद्रप्रवासविषयक कादंबरीत तोफेतून सुटलेल्या गोळ्यास चंद्र गाठण्यासाठी ९७ तासांहून थोडा अधिक वेळ लागेल, असे गणित मांडले आहे. १९६९ साली अपोलो ११ हे यान उड्डाणानंतर सुमारे ७६ तासांनी चंद्राच्या कक्षेत शिरले. तोफेच्या धक्क्यातून प्रवासी जिवंत राहणे अशक्य असले, तरी अंतर आणि काळ यांचे प्रमाण व्हर्नने सांभाळले आहे. हे त्याला साधले, कारण चंद्राचे अंतर पृथ्वीच्या परिघाच्या दहापटींहून कमी आहे. एवढा पल्ला एखादा खलाशीही आपल्या हयातीत तोडू शकतो. समुद्राची भाषा चंद्रापर्यंत पुरली.

ती त्यापुढे पुरणारी नव्हती. १८३८ साली फ्रीड्रिख बेसेल याने ‘६१ सिग्नी’ या ताऱ्याचे लंबन मोजून त्याचे अंतर प्रसिद्ध केले. आजच्या मापनानुसार ते सुमारे ११.४ प्रकाशवर्षे आहे. सूर्याला सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे चंद्राच्या सुमारे १० कोटी पट दूर आहे. मानात एवढी वाढ झाली, पण कथनाची क्रियापदे तीच राहिली. याने निघतात, बंदराला लागतात, वाट चुकतात. त्यांवर कप्तान असतो.

ई. ई. स्मिथ याची ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ ही कथा १९२८ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकात क्रमशः आली. तिच्यातील यान अल्पावधीत शेकडो प्रकाशवर्षांचा पल्ला गाठते. आइन्स्टाइनच्या सिद्धांतास हे विसंगत नव्हे काय, या शंकेवर पात्रांचे उत्तर असे की, सिद्धांत हा सिद्धांतच, कापलेले अंतर मात्र प्रत्यक्ष. स्मिथ हा रसायनविद्येतील डॉक्टरेट मिळविलेला होता. अडचण त्याने ओळखली होती. कथेच्या सोयीसाठी ती बाजूस सारली.

पुढे एककेही केवळ अलंकारासारखी वापरली जाऊ लागली. ‘पारसेक’ ही संज्ञा १९१३ साली हर्बर्ट हॉल टर्नर याच्या सूचनेवरून आली, ती ३.२६ प्रकाशवर्षांचे अंतर दर्शविते. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात ती यानाच्या वेगाची बढाई मारण्यासाठी, जणू कालाचे एकक असावे अशी, योजलेली आहे. त्याच वर्षी निघालेले व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. त्या वेगाने जवळच्या ताऱ्याइतके अंतर तोडण्यास सुमारे ७५,००० वर्षे लागतील. मराठीतील ‘प्रकाशवर्ष’ हा सुबोध शब्दही या धोक्यापासून मुक्त नाही. त्यातील ‘वर्ष’ हे उत्तरपद ऐकणाऱ्यास कालाकडे नेते आणि अंतर नजरेआड होते.

याउलट, काही लेखकांनी मान राखले. परंतु त्यासाठी त्यांना शब्दांचे अर्थ बदलावे लागले. रॉबर्ट हाइनलाइन याच्या १९४१ च्या ‘युनिव्हर्स’ या कथेत प्रवास इतक्या पिढ्या चाललेला आहे की, यानातील लोकांना ‘जहाज’ म्हणजेच संपूर्ण विश्व वाटते, आणि ‘प्रवास’ हा शब्द त्यांच्या लेखी धार्मिक रूपक झालेला आहे. जो हॉल्डमन याच्या १९७४ च्या ‘द फॉरेव्हर वॉर’ या कादंबरीत प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने प्रवास करणाऱ्या सैनिकाचे वय थोडे वाढते, पण पृथ्वीवर शतके लोटतात. अखेरीस त्याच्या हाताखालील सैनिकांना त्याच्याशी बोलण्यासाठी त्याच्या काळातील इंग्रजी शिकावी लागते. येथे अंतर आकड्याने न सांगता भाषेच्या पालटाने मोजले आहे.

यावरून अंतराच्या मानाचा प्रश्न केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही, हे स्पष्ट होते. समुद्रावर गेलेला माणूस परत येतो, तेव्हा घरची माणसे वृद्ध झालेली असली तरी त्याची भाषा समजणारी असतात. ताऱ्यांच्या अंतरांवर ही खात्री उरत नाही. अंतराळ लहान करणारी कथा एक आकडा चुकविते, त्याचबरोबर त्या अंतराची मानवी किंमतही मिटवून टाकते. ती किंमत म्हणजे कायमचा निरोप. ज्या थोड्या कृतींनी तो निरोप सांगितला, त्यांतच अंतराळाचे खरे मान वाचकाच्या प्रत्ययास येते.