किमो घ्यायची की नाही? २१ जनुकांची टेस्ट नेमकं काय सांगते

कोरोनाच्या काळात आरटी-पीसीआर हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. स्तनाच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना किमोथेरपीची खरंच गरज आहे का, हे ठरवायलाही हेच तंत्र वापरतात. अशा टेस्टपैकी सर्वात जास्त ओळखली जाणारी म्हणजे ऑन्कोटाइप डीएक्स. अमेरिकेत ती २००४ मध्ये सुरू झाली.

टेस्ट कशी होते?
आपल्या सगळ्या पेशींमध्ये जनुकं जवळपास सारखीच असतात. पण कोणतं जनुक किती 'चालू' आहे, हे पेशीनुसार बदलतं. चालू जनुक आरएनए तयार करतं. बायोप्सी किंवा ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या तुकड्यातला हा आरएनए लॅबमध्ये मोजतात. २१ पैकी १६ जनुकं कॅन्सरशी संबंधित असतात, तर ५ फक्त तुलनेसाठी. त्यातून ० ते १०० मधला एक स्कोअर मिळतो. स्कोअर जितका जास्त, तितका कॅन्सर परत येण्याचा धोका जास्त. साधारण २६ किंवा त्याहून जास्त स्कोअर असेल, तर किमोचा सल्ला दिला जातो.

मधल्या स्कोअरचं काय?
याचं उत्तर २०१८ मध्ये 'टेलरएक्स' या अभ्यासाने दिलं. त्यात १० हजारांहून जास्त महिला होत्या. स्कोअर ११ ते २५ असलेल्या काहींना फक्त हार्मोन थेरपी दिली, काहींना सोबत किमोही. ९ वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण होतं अनुक्रमे ८३.३ आणि ८४.३ टक्के. म्हणजे बहुतेकींना किमोचा खास उपयोग झाला नाही. मात्र वय ५० किंवा कमी आणि स्कोअर १६ ते २५ असलेल्यांना थोडा फायदा दिसला.

हे लक्षात ठेवा
ही टेस्ट सुरुवातीच्या टप्प्यातल्या, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह आणि एचईआर२ निगेटिव्ह कॅन्सरसाठीच आहे. ट्रिपल निगेटिव्हसाठी नाही. बीआरसीए टेस्टशीही गल्लत करू नका. ती जन्मतः मिळालेली जनुकं तपासते, ही गाठीतली.

घरात कोणाला हा आजार असेल, तर डॉक्टरांना आधी एवढंच विचारा: "स्कोअर आल्यावर उपचार बदलणार आहेत का?" उत्तर 'नाही' असेल, तर या महागड्या टेस्टची गरज नाही. आणि स्कोअर कमी आला, तरी हार्मोनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.