वर्क, जॉन वेस्ली (धाकटे)

(सु. १८७२–७ सप्टेंबर १९२५). लॅटिन भाषेचे अमेरिकन प्राध्यापक, ‘फिस्क ज्युबिली सिंगर्स’ या गायकवृंदाचे संचालक व कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांचे संग्राहक. जन्म टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख असल्याने गाण्याचे संस्कार घरातच झाले. नॅशव्हिलच्याच फिस्क विद्यापीठातून ते १८९५ मध्ये पदवीधर झाले आणि १९०४ पासून तेथे लॅटिन शिकवू लागले.

गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था लवकरच आर्थिक अडचणीत आली. निधी जमवण्यासाठी १८७१ मध्ये ‘फिस्क ज्युबिली सिंगर्स’ हा विद्यार्थ्यांचा गायकवृंद दौऱ्यावर निघाला. ‘स्पिरिच्युअल’ म्हणून ओळखली जाणारी गुलामांची भक्तिगीते त्याने अमेरिकेत व युरोपात गाजवली. पुढच्या पिढीतील अनेक सुशिक्षितांना मात्र या गीतांत गुलामीच्या कटू आठवणीच दिसत. अशा काळात वर्क यांनी विद्यार्थ्यांकडून ती पुन्हा गाऊन घेतली आणि तोंडी परंपरेतली गीते टिपून ठेवली. धाकटे बंधू फ्रेडरिक यांच्यासह त्यांनी १९०१ मध्ये ‘न्यू ज्युबिली साँग्ज’ हा संग्रह प्रसिद्ध केला. ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ हे नाताळगीत सर्वदूर पोचले, त्याचे श्रेयही वर्क यांना दिले जाते.

डिसेंबर १९०९ मध्ये वर्क व त्यांचे तीन सहगायक यांनी व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून गावे लागे आणि आवाजाच्या जोराने सुई मेणाच्या तबकडीवर खाचा कोरी. त्या वेळी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’ या गीतात वाद्यांची साथ नाही. वर्क वरच्या पट्टीत ओळ उचलतात आणि बाकीचे तिघे भरीव स्वरांत ती झेलतात. हे ध्वनिमुद्रण २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट झाले.

‘फोक साँग ऑफ द अमेरिकन निग्रो’ (१९१५) या ग्रंथात भाषेच्या अध्यापकाची शिस्त दिसते. आनंद, दुःख, श्रद्धा, आशा, धैर्य अशा भावांनुसार त्यांनी गीतांचे वर्गीकरण केले आणि त्यांचे मूळ आफ्रिकेपर्यंत नेले. लोकगीतांविषयीच्या प्रतिकूल वातावरणामुळे १९२३ मध्ये त्यांनी फिस्क सोडले. त्यानंतर अखेरपर्यंत ते नॅशव्हिलच्याच रॉजर विल्यम्स विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांचे संगीतरचनाकार पुत्र तिसरे जॉन वेस्ली वर्क (१९०१–६७) यांनी पुढे फिस्कमध्येच अध्यापन करून लोकगीतसंग्रहाचे कार्य चालू ठेवले.