तंजावरचा कोंडलेला राजपुत्र

आज नकाशा नाही, लढाई नाही. आज एका कोंडलेल्या मुलाची हकीकत सांगतो.

व्यंकोजीराजांच्या तंजावरात १७८७ साली तुळजाराजे अंथरुणाला खिळले होते. स्वतःची मुलं हयात नव्हती. भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतला नऊ-दहा वर्षांचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि त्याचं नाव सरफोजी ठेवलं. मुलाला सांभाळायला त्यांनी श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याला सांगितलं. पाद्र्याने सुचवलं, तुमचे सावत्र भाऊ अमरसिंह आहेत, कारभार त्यांच्याकडे द्या. राजे गेले. कंपनीने पंडितांचं मत घेऊन दत्तक अवैध ठरवलं आणि अमरसिंह स्वतःच गादीवर बसले. मुलगा कोठडीत गेला. उजेड नाही, शिक्षण नाही.

मग त्याच श्वार्ट्झने मद्रासला पत्रांमागून पत्रं पाठवली. १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाराजांच्या राण्यांना मद्रासला हलवलं. तिथे मुलगा शिकला. पंडितांचं मतही फिरलं (मतं कशी फिरतात हे फौजेत आणि दरबारात सारखंच!) आणि १७९८ च्या जूनमध्ये तो गादीवर बसला. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता. तंजावरच्या चर्चमध्ये फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचा संगमरवरी देखावा आहे : पाद्री मृत्युशय्येवर आणि त्याचा हात हातात घेतलेला तरुण राजा.

गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्य कंपनीकडे गेलं. राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. माझ्यासारख्या फौजी माणसाला हे टोचतं. काही अभ्यासक त्यांना कंपनीचा बाहुला म्हणतात. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून त्यांनी समुद्रकाठी मनोरा बांधला, तो पाहिला की मलाही तेच वाटतं. पण उरलेल्या आयुष्याचं त्यांनी काय केलं, ते पाहा.

१८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरला, तोही मराठीत. तमिळ मुलखातल्या देवळावर बालबोध अक्षरांत आपल्या घराण्याची हकीकत वाचताना माझ्यासारख्या कोल्हापूरकराचे पाय जागच्या जागी थांबतात. वाड्यात त्यांनी छापखाना काढला आणि १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. तेव्हा पुण्यात पेशवाई अजून चालू होती! नायकांपासून चालत आलेल्या सरस्वती महालात पोथ्यांची भर घातली. काशीयात्रेहूनही पोथ्या आणल्या. वाटसरूंसाठी ओरत्तनाडला मुक्तांबांच्या नावाने छत्र बांधलं. अमरसिंह पेन्शन घेऊन तिरुविडैमरुदूरला राहिले आणि १८०२ मध्ये वारले.

आता जरा माझं. नोकरीत एकदा आम्ही सात जण बर्फाखाली गाडले गेलो. तिघे बाहेर निघालो. पुढे कित्येक वर्षं रात्री मी एकच हिशेब मांडत असे : मीच का? उत्तर नाही. घरचे म्हणायचे, देवाने ठेवलंय. ते ऐकून मला बरं वाटायचं नाही, कारण मग उरलेल्या चौघांचं काय? निवृत्तीनंतर तंजावरला गेलो तो फक्त देऊळ पाहायला. ग्रंथालयातल्या एका काचेपाशी मात्र बराच वेळ थांबलो.

त्या काचेमागे डोळ्यांची चित्रं होती. सरफोजींचा धन्वंतरी महाल होता. तिथे औषधं बनत, रोगी येत. डोळ्यांच्या ४४ रुग्णांच्या नोंदी आजही शिल्लक आहेत. राजाला स्वतःला या शस्त्रक्रियांमध्ये रस होता आणि तो त्या करतही असे, असं सांगतात. काही नोंदींसोबत दुखऱ्या डोळ्याचं रंगीत चित्र आहे. लालसर पांढरं, बाहुलीवर मोतीबिंदूचा पडदा, पापणीचा प्रत्येक केस काढलेला. रोगी सामान्य माणसं होती.

उजेड न दाखवता कोंडलेला मुलगा पुढे लोकांच्या डोळ्यांवरचे पडदे काढत बसला, असा संबंध मी लावला. इतिहासकार म्हणतील, याला पुरावा काय? पुरावा नाही, साहेब. तो मोठ्या विद्वानाचा छंदही असेल. १८३२ मध्ये ते गेले, त्यानंतर त्यांचे पुत्र शिवाजीराजे गादीवर आले आणि १८५५ मध्ये तेही वारल्यावर कंपनीने गादीच खालसा केली. ती चित्रं मात्र राहिली. तंजावरला गेलात तर देवळानंतर तासभर राखून ठेवा.