तळटीप : समुद्रापलीकडील चतुर्थी

१. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या गणेशभक्तीचे वर्णन करताना ग्रंथकाराने येथे ज्या ‘समुद्रापलीकडील चतुर्थी’चा ओझरता निर्देश केला आहे, ती मॉरिशस बेटावरील होय. मादागास्करच्या पूर्वेस, मकरवृत्ताच्या किंचित उत्तरेस असलेले हे सुमारे २,००० चौरस किलोमीटरचे बेट ज्वालामुखीजन्य असून प्रवाळभित्तींनी वेढलेले आहे. त्याचे सर्वोच्च शिखर ८२८ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाहून बरेच सखल. डच तेथे १५९८ मध्ये उतरले व १७१० मध्ये बेट सोडून गेले (बिचारा डोडो पक्षी तेवढ्या अवधीत नामशेष झाला). पुढे फ्रेंचांचा व १८१० पासून इंग्रजांचा अंमल बसला. गुलामगिरी कायद्याने संपुष्टात येऊ लागताच उसाच्या मळ्यांस मजुरांची वाण पडली, तेव्हा १८३४ पासून हिंदुस्थानातून मुदतीच्या करारनाम्यावर माणसे नेण्यात आली, आणि त्यांत मुंबई बंदरातून चढलेली कोकणची, विशेषतः रत्नागिरीकडील, मराठी कुटुंबेही होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावरील १६ दगडी पायऱ्या चढून, नाव, बापाचे नाव, गाव आणि अंगावरील खुणा सरकारी दफ्तरात नोंदवून हाती क्रमांक पडला, की मगच मजुराची मळ्याकडे रवानगी होई. लढाया आणि तहनामे यांत रमलेल्या आमच्या इतिहासलेखकांनी या नोंदवह्यांकडे फारसे लक्ष दिले नाही, ही उपेक्षा प्रस्तुत संपादकास अक्षम्य वाटते. त्या कुटुंबांच्या वंशजांच्या घरांत आता बहुधा क्रिओल बोलली जात असली, तरी गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुट्टी असते.