मार्जारमीन, मोठे शिकारी (घरगुती पालन)

ओठांभोवती लांब मिशा, खवले नसलेली गुळगुळीत कातडी आणि तोंडात मावेल तो मासा अख्खा गिळण्याची सवय असलेले गोड्या पाण्यातील मोठे मासे. शोभेच्या माशांच्या दुकानांत यांपैकी ॲमेझॉन खोऱ्यातला ‘रेडटेल कॅटफिश’ विकला जातो. मराठवाड्याच्या नद्यांत त्याच्या तोडीचा देशी शिकारी आहे शिवडा (वॅलॅगो अट्टू). जगाच्या दोन टोकांच्या या दोन्ही माशांचे शास्त्रीय वर्णन ब्लॉख आणि श्नायडर यांच्या 1801 सालच्या एकाच ग्रंथात आले.

दुकानातले पिल्लू बोटाएवढे असते, काळ्या-पांढऱ्या रंगाचे आणि देखणे. फसगत इथेच होते. रेडटेल मीटरभराहून लांब वाढतो. गळाला लागलेल्या एका माशाचे वजन 56 किलो भरले होते. ‘टाकी लहान असली की मासाही लहान राहतो’ ही समजूत फसवी आहे. कोंडलेल्या माशाची वाढ खुरटते, कणा वाकतो, आयुष्य घटते. तीन फुटी टाकीची रुंदी साधारण 45 सेंटिमीटर असते. त्यात मीटरभर लांबीच्या माशाला वळताही येत नाही. त्याला नीट फिरता यावे म्हणून 3 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि मीटरभर खोल हौद धरला, तरी 4,500 लिटर पाणी लागते. त्याचे वजन साडेचार टन होते. घराच्या वरच्या मजल्यावर हा भार अभियंत्याला विचारल्याशिवाय ठेवू नये.

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावसारख्या गावी अडचण आणखी वाढते. मांसाहारी माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया साचतो. गाळणीतील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात, पण नायट्रेट काढायला ठरावीक दिवसांनी पाणी बदलावेच लागते. उन्हाळ्यात माणसांना आणि जनावरांना पाणी पुरवताना जिथे दमछाक होते, तिथे माशासाठी शेकडो लिटर आणायचे कुठून? शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मुरतो आणि वीज गेली की हवेचा पंप थांबतो. मोठा मासा अशा एका दुपारीही दगावू शकतो.

मग हौस फिटलेला मासा धरणात सोडण्याचा विचार मनात येतो. तो सर्वांत घातक. केरळात 2018 च्या पुरानंतर अरापायमासारखे पाळीव परदेशी मासे नद्यांत सापडले. थाई मांगूर या आफ्रिकी मार्जारमीनाच्या पालनावर देशात बंदी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने आक्रमक परकी जातींवर नियंत्रणाचे अधिकार केंद्राला मिळाले. आपला देशी शिवडा तर आधीच धोक्यात आहे. त्याची जागतिक नोंद ‘असुरक्षित’ गटात आहे.

पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांतील पाणी पुढे गोदावरीला मिळते. त्यात पाळीव परदेशी मासा कधीही सोडू नये. तो झेपत नसेल तर विकणाऱ्याकडे किंवा मोठा हौद असलेल्या पालकाकडे सोपवावा; आणि घेण्यापूर्वीच त्याची पूर्ण वाढलेली लांबी विचारून घ्यावी.